देझाब्यूझे, ब्लाझे, सिनीक : मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : फ्रेंच कादंबऱ्यांवर लिहिताना पात्रांसाठी ही तीन विशेषणे सारखी येतात. मराठी अनुवादात तिन्हींच्या जागी 'सिनिकल' दिसते. वेगळे शब्द सापडतील का?

उत्तर : सापडतात, आणि ते वापरायलाच हवेत. माणूस त्या अवस्थेला कशाने पोचला ते आधी पाहावे.

'देझाब्यूझे'च्या पोटात 'आब्यूझे' आहे, म्हणजे फसवणे. इंग्रजी 'अब्यूज' मनात धरून 'अत्याचार झालेला' असा अर्थ लावला की वाक्य साफ बिघडते. ज्याने मनापासून विश्वास ठेवला होता, तोच देझाब्यूझे होतो. भ्रमाचा भोपळा फुटणे ही त्यातली घटना. मागे उरलेल्या स्वभावाला 'भ्रम सरलेला' बरे. 'सूरीर देझाब्यूझे' हे खिन्न हसू आहे. तिथे 'कुत्सित' लिहू नये.

'ब्लाझे' अतिउपभोगाने होतो. हा शब्द पूर्वी कडक दारूच्या अतिसेवनाने बधिर झालेल्या माणसासाठी वापरत. मराठीत 'विटलेला' अगदी चपखल. हुइस्मांसच्या १८८४ च्या कादंबरीतला देझेसँत कासवाच्या पाठीला सोन्याचा मुलामा देऊन वर रत्ने जडवतो आणि त्या भाराने कासव मरते. नवे काहीतरी हवे म्हणून इथवर जाणारा तो ब्लाझे.

'सिनीक' मात्र फसवा आहे. इंग्रजीतला सिनिक लोकांच्या हेतूंवर शंका घेतो. फ्रेंच सिनीक नीती ओळखतो आणि उघडपणे धाब्यावर बसवतो. म्हणून 'निर्ढावलेला', 'निगरगट्ट'. बाल्झाकच्या 'पेर गोरियो'तला (१८३५) व्होत्रँ तरुण रास्तिन्याकला दहा लाख फ्रँकच्या हुंड्याची वाट दाखवतो : मुलीच्या भावाचा द्वंद्वयुद्धात काटा काढायचा, मग तिच्याशी लग्न करायचे. स्वतःची दलाली तो दोन लाख, म्हणजे २० टक्के सांगतो. गुन्ह्याचा असा रोख हिशेब मांडणे, हे खरे सिनीक.

पुरवणी : रास्तिन्याकला एकच विशेषण चिकटवता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे. कादंबरीच्या शेवटी म्हाताऱ्या गोरियोला पॅरिसच्या पेर-लाशेझ दफनभूमीत पुरल्यावर तो तारुण्यातला शेवटचा अश्रू ढाळतो. तिथवर तो देझाब्यूझे. मग खाली पसरलेल्या पॅरिसला आव्हान देतो आणि गोरियोच्याच मुलीकडे जेवायला जातो. तिथून सिनीकपणाची वाट सुरू होते. पुढच्या कादंबऱ्यांत तो मंत्रिपदापर्यंत पोचतो. विशेषण प्रसंग पाहून निवडावे.

प्रश्न : 'विरक्त' कुठे चालेल?

उत्तर : जवळजवळ कुठेच नाही. विरक्तीत साधना आहे, मिळवलेली शांती आहे. या पात्रांजवळ ती नसते. 'रवन्यू द तू' हा फ्रेंच वाक्प्रचार आला तरी 'सगळे पाहून चुकलेला' पुरे. त्यात आशा संपलेली असते. ओढ सुटलेली असेलच असे नाही.