रेडमी नोट ५ प्रो: टीडब्ल्यूआरपी टाकताना ‘ओके’ येतं, फोन सुरू केला की जुनीच रिकव्हरी. मदत हवी आहे

धागाकर्ता

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातून लिहितोय. बाबांच्या फोनवर टीडब्ल्यूआरपी ही कस्टम रिकव्हरी (फोनची मूळ सिस्टीम बदलायला वापरतात तो बाहेरचा छोटा प्रोग्राम) टिकत नाहीये. फास्टबूटमधून, म्हणजे संगणकावरून फोनला कमांड देण्याच्या मोडमधून, फ्लॅश केली (फोनमध्ये लिहिली) की ‘सेंडिंग’पुढेही ओके येतं, ‘रायटिंग’पुढेही ओके येतं. मग फोन रीस्टार्ट करतो, नीट सुरू होतो. पण बंद करून पॉवर आणि व्हॉल्यूम अपने रिकव्हरीत गेलो की पुन्हा कंपनीचीच रिकव्हरी. जणू काही टाकलंच नव्हतं.

फोनची माहिती: रेडमी नोट ५ प्रो, सांकेतिक नाव व्हायरेड, स्नॅपड्रॅगन ६३६, ४ जीबी रॅम. मीयूआय १२, अँड्रॉइड ९. या मॉडेलला कंपनीचं अँड्रॉइड इथवरच आलंय. फोन दणकट आहे, बॅटरी नवीन बसवली आहे. बूटलोडर (फोन सुरू करणारा, कंपनीने कुलूपबंद ठेवलेला प्रोग्राम) अधिकृत टूलनेच अनलॉक केला, १६८ तासांची मुदत पूर्ण होऊ दिली. अनलॉक करताना फोन पुसला जातो, म्हणून फोटो आणि सातबाऱ्याच्या पीडीएफ आधीच काढून घेतल्या होत्या.

आतापर्यंत काय झालं ते क्रमाने सांगतो, म्हणजे तुम्हाला परत विचारावं लागणार नाही.

माझ्या लॅपटॉपवर विंडोज १० आहे. फोन फास्टबूटमध्ये लावला की ‘फास्टबूट डिव्हायसेस’ला नंबर दिसतो, पण पुढची कोणतीही कमांड दिली की फोनची स्क्रीन काळी होते आणि वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात येतं, ‘प्रेस एनी की टू शटडाउन’. ड्रायव्हर काढून परत टाकले, केबल बदलली, काही फरक नाही.

म्हणून गावातल्या सेवा केंद्रावरच्या जुन्या डेस्कटॉपवर करून पाहिलं. तिथे कमांड चालतात. ‘फास्टबूट गेटव्हार अँटी’चं (जुनं सॉफ्टवेअर टाकू न देणाऱ्या अँटी-रोलबॅकचा आकडा विचारणारी कमांड) उत्तर ४ आलं. सरळ रिकव्हरी फ्लॅश केली तर अँटी-रोलबॅकचा एरर आला. मग ‘फास्टबूट फ्लॅश अँटीआरबीपास डमी.आयएमजी’ ही कमांड आधी देऊन मग रिकव्हरी फ्लॅश केली. तेव्हापासून ओके येतंय, पण वर लिहिलं तसं सगळं पुसलं जातंय.

माझे प्रश्न: रिकव्हरी जाते कुठे? लॅपटॉपचं काय करू? केंद्रावरचा संगणक लोकांच्या कामाचा आहे, रोज अडवून ठेवता येत नाही. आणि अँटी ४ असताना लिनिएजओएस (कंपनीच्या सिस्टीमऐवजी टाकता येणारं बाहेरचं अँड्रॉइड) टाकलं तर फोन कायमचा बसण्याची भीती आहे का?

हे सगळं कशासाठी, तेही सांगतो. बाबा दिवसभर शेतात असतात आणि तिथे सध्या त्यांच्याजवळ दुसरा, साधा बटणाचा फोन असतो. मृगाच्या आधीपासून आमच्याकडे विजा पडायला लागतात, दरवर्षी कुठे ना कुठे माणूस नाहीतर बैल दगावल्याची बातमी येते. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने केलेलं ‘दामिनी’ ॲप जवळपास वीज पडत असली की सूचना देतं. ते आणि ई-पीक पाहणी, एवढं या फोनवर विनातक्रार चालावं आणि सुरक्षेचे अपडेट मिळत राहावेत. नवीन फोन यंदा जमणार नाही. पेरणी उरकली आहे, हातात थोडे दिवस आहेत.

प्रतिसाद, नागपूरहून

माहिती नीट दिलीत, त्यामुळे उत्तर सोपं झालं. तुमची रिकव्हरी व्यवस्थित बसते आहे. फोन सुरू झाला की सिस्टीमच ती पुसते.

कंपनीच्या रॉममध्ये (फोनमधल्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) सिस्टीम विभाजनात ‘रिकव्हरी-फ्रॉम-बूट.पी’ नावाची फाइल असते. प्रत्येक वेळी अँड्रॉइड सुरू होताना एक छोटी स्क्रिप्ट रिकव्हरी विभाजन तपासते. आपली मूळ रिकव्हरी नाही असं दिसलं, की बूट इमेज आणि ही फाइल मिळून मूळ रिकव्हरी परत तयार करून लिहून टाकते. म्हणजे फ्लॅश झाल्यावर फोन एकदा जरी सिस्टीममध्ये गेला तरी टीडब्ल्यूआरपी गेली.

उपाय: फ्लॅश झाल्यावर ‘फास्टबूट रीबूट’ ही कमांड द्यायचीच नाही. केबल काढा, पॉवर आणि व्हॉल्यूम अप एकत्र दाबून धरा, टीडब्ल्यूआरपीचं चिन्ह दिसेपर्यंत सोडू नका. पहिल्यांदा उघडल्यावर ती सिस्टीममध्ये बदल करू द्यायचे का विचारेल. तुम्ही लगेच लिनिएज टाकणार असाल तर तिथे काहीही निवडलं तरी चालेल. ज्यांना मीयूआयवरच राहायचंय त्यांनी मात्र स्वाइप करून परवानगी द्यावी आणि बाहेर पडण्याआधी मॅजिस्क (बदललेली सिस्टीम चालू देणारं टूल) टाकावं. नाहीतर सिस्टीम बदलली म्हणून डीएम-व्हेरिटी ही तपासणी अडवते आणि फोन लोगोवरच फिरत राहतो.

अँटीबद्दल: आकडा वाढलेल्या फोनवर त्यापेक्षा कमी आकड्याचं जुनं कंपनी रॉम टाकलं की फोन बसतो. मग ईडीएल या आपत्कालीन दुरुस्तीच्या मोडशिवाय मार्ग नाही, आणि त्याला अधिकृत खातं लागतं. रिकव्हरीच्या इमेजमध्ये बूटलोडर नसतो, त्यामुळे तिने तो आकडा हलत नाही. कंपनीचं मागचं व्हर्जन टाकायचं नाही, एवढं पक्कं ठेवा.

प्रतिसाद, अकोल्याहून

भाऊ, तो शटडाउनवाला एरर मले बी आलता. ड्रायव्हरच्या मागं लागू नका, त्यात काही नाही. काही नव्या लॅपटॉपच्या यूएसबी ३ पोर्टवर फास्टबूट असंच करते. यूएसबी २ चा साधा हब घ्या अन् लॅपटॉप अन् फोनच्या मंधात लावा. मायं काम तेवढ्यानंच झालं. केंद्रावरचा डेस्कटॉप जुना हाय म्हणता ना, त्याले यूएसबी २ चेच पोर्ट असतीन, म्हणून तिथं चाललं.

प्रतिसाद, पुण्याहून

टीडब्ल्यूआरपीचा हट्ट कशाला? लिनिएजची स्वतःची रिकव्हरी आहे. ती फ्लॅश करा, फॅक्टरी रीसेट, मग ‘अप्लाय फ्रॉम एडीबी’ निवडून लॅपटॉपवरून साइडलोड, म्हणजे केबलने फाइल थेट पाठवून टाकणं. ४७ टक्क्यांवर अडकल्यासारखं दिसलं तर घाबरू नका, बऱ्याचदा तिथेच पूर्ण होतं.

आणि वडिलांच्या फोनवर यूपीआय किंवा बँकेची ॲप आहेत का? बूटलोडर अनलॉक असला की त्यातली बरीच चालायला नकार देतात. आधी विचार करा.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. अकोल्याच्या भाऊंचं म्हणणं शंभर टक्के खरं निघालं. दारव्ह्याच्या दुकानातून हब आणला, त्याच लॅपटॉपवर, त्याच केबलने सगळ्या कमांड चालल्या. मग नागपूरच्या दादांनी सांगितलं तसं रीबूटची कमांड न देता बटणं धरून ठेवली आणि टीडब्ल्यूआरपी उघडली!

पुण्याच्या दादा, साइडलोडची पद्धत चांगलीच आहे. पण आमच्याकडे लाईनचा भरवसा नाही आणि माझ्या लॅपटॉपची बॅटरी अर्धा तासही धरत नाही. साइडलोड चालू असताना लॅपटॉप बंद पडला तर काय, ही धास्ती वाटते. टीडब्ल्यूआरपी एकदा बसली की बाकी सगळं मेमरी कार्डवरून, फोनच्या स्वतःच्या चार्जवर होतं. म्हणून तीच धरली. बँकेचं म्हणाल तर बाबा यूपीआय वापरत नाहीत. पैशाचा व्यवहार पासबुकावर, आणि ओटीपी बटणाच्या फोनवर येतात.

आता इथे थांबलोय. टीडब्ल्यूआरपी सुरुवातीलाच पासवर्ड मागते. बाबांचा पॅटर्न तिथे चालत नाही. रद्द करून आत गेलो तर इंटर्नल स्टोरेज ० एमबी दाखवते. मेमरी कार्ड मात्र दिसतंय. विचारल्याशिवाय पुढे काही दाबत नाही.

प्रतिसाद, नागपूरहून

बरोबर जागी थांबलात. ० एमबी म्हणजे स्टोरेज खराब झालेलं नाही, एन्क्रिप्टेड आहे आणि टीडब्ल्यूआरपीला उघडता येत नाहीये.

सर्वात आधी बॅकअपमध्ये जा, जागा मेमरी कार्ड निवडा आणि ईएफएस, पर्सिस्ट, दोन्हींवर खूण करून बॅकअप घ्या. आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) आणि नेटवर्कची माहिती त्यात असते. ती गेली तर फोन चालू राहील पण सिम लागणार नाही, आणि मग परत मिळवणं फार जिकिरीचं. लोक नेमकं हेच टाळतात. मेमरी कार्डवरचा हा बॅकअप लॅपटॉपवरही उतरवून ठेवा.

झिप फाइलींचं काय? गावाकडच्या नेटवर डाउनलोड मधेच तुटून अर्धवट फाइल येऊ शकते. लॅपटॉपवर ‘सर्टयुटिल -हॅशफाइल’ लिहून पुढे फाइलचं नाव आणि एसएचए२५६ टाका. येणारा आकडा संकेतस्थळावरच्या आकड्याशी शेवटच्या अक्षरापर्यंत जुळला तरच ती फाइल वापरा.

हे झाल्यावर वाइपमध्ये ‘फॉरमॅट डेटा’, ‘येस’ टाइप करा. साधा वाइप पुरत नाही, एन्क्रिप्शन फॉरमॅटनेच निघतं. मग रीबूटमधून परत रिकव्हरीतच या, सिस्टीममध्ये जाऊ नका. सिस्टीम, डाल्विक, कॅशे वाइप करा, कार्डावरून लिनिएज टाका आणि गूगलची ॲप हवी असतील तर तीही लगेच, पहिल्यांदा फोन सुरू होण्याआधीच. नंतर टाकली तर सतत क्रॅश होतात.

धागाकर्ता

झालं मंडळी! फोन नव्या अँड्रॉइडवर सुरू झालाय.

एसएचएचं सांगितलंत ते फार बरं केलंत. लिनिएजची झिप जुळली, पण गूगल ॲपची जुळली नाही. घरात रेंज नसते, म्हणून स्लॅबवर फोन ठेवून रात्री परत उतरवली, मग जुळली. ईएफएस आणि पर्सिस्ट कार्डावरही आहेत, लॅपटॉपवरही. फॉरमॅटनंतर इंटर्नल स्टोरेज व्यवस्थित दिसायला लागलं. लिनिएज, त्यामागे गूगल, मग रीबूट. पहिल्यांदा सुरू व्हायला बराच वेळ लागला. बाबा शेजारीच बसून होते, ‘बंद पडला का रे’ म्हणून विचारत होते.

सिम लागलं, आयएमईआय जागेवर आहे. कॅमेरा, जीपीएस तपासलं. वावरात जाऊन नकाशा उघडला तर आमच्याच बांधावर खूण दाखवतोय, म्हणजे पीक पाहणीच्या फोटोला अडचण येऊ नये. दामिनी टाकलंय, त्याला बॅटरीच्या बंधनातून सूट दिली आहे आणि सूचनेचा आवाज पूर्ण ठेवलाय. बाबांना सांगून ठेवलंय, हा आवाज आला की झाडाखाली थांबायचं नाही, सरळ घर गाठायचं.

प्रतिसाद, वाशिमहून

अभिनंदन दादा. माझ्याकडेही हाच फोन आहे, बूटलोडर अनलॉक आहे. तुम्ही वापरली तीच डमी फाइल आणि तोच क्रम वापरू का?

धागाकर्ता

ताई, आधी ‘फास्टबूट गेटव्हार अँटी’ देऊन आकडा बघा. ४ आला तरच डमीची गरज, नाहीतर सरळ रिकव्हरी फ्लॅश करा. लॅपटॉप नवीन असेल तर हब आधीच आणून ठेवा. आणि सांकेतिक नाव व्हायरेडच आहे ना ते तपासून घ्या. नुसता रेडमी नोट ५ वेगळा फोन आहे, त्याला या फाइली चालणार नाहीत. काय आकडा येतो तो इथे टाका, मी बघतो.