पिनेलच्या आधी प्युसां

वेड्यांच्या बेड्या फिलिप पिनेल या फ्रेंच डॉक्टरने तोडल्या, असं नेहमी सांगितलं जातं. त्यात एक नाव राहून जातं, ते मला मनापासून इथे नोंदवायचंय: जाँ-बातिस्त प्युसां. पॅरिसच्या बिसेत्र इस्पितळात तो मुळात गंडमाळेचा (मानेतल्या गाठींच्या आजाराचा) रुग्ण म्हणून आला, बरा झाला, तिथेच राहिला आणि पुढे मनोरुग्णांच्या विभागाचा प्रमुख झाला. डॉक्टर नव्हे! पिनेल तिथे १७९३ मध्ये आला आणि या माणसाकडून शिकला. बिसेत्रमधल्या साखळ्या प्युसांनेच १७९७ मध्ये काढल्या. तोवर पिनेल पॅरिसमधल्याच साल्पेत्रियेर इस्पितळात गेला होता. नंतर पिनेलने त्याला तिथे बोलावून घेतलं, हा त्याचा मोठेपणाच.

आपल्याकडचे डॉ. विद्यासागर मला याच माळेतले वाटतात. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात त्यांनी नातेवाइकांनाच आवारात तंबूंत राहायला बोलावलं. घरच्यांनी रुग्णाजवळ बसायचं, आजार समजून घ्यायचा आणि त्याला घेऊनच परत जायचं.

हे वाचलं की मला आमचा बडोद्यातला, दांडिया बाजारातला जुना वाडा आठवतो. चुलत आजोबांच्या खोलीची कडी बाहेरून होती. आजी ताट उंबऱ्यावर ठेवायची, कडी काढायची आणि पटकन मागे सरायची. घरात वाईट कुणीच नव्हतं हो, पण काय करायचं ते सांगणारंच कुणी भेटलं नाही. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनोरुग्णाला साखळीने बांधायला बंदी आहे. कडीचं मात्र अजून घरोघरी विचारावं लागेल.