मदत हवी आहे : अरेका पाम पिवळा पडतो आहे, ही व्हेरिगेटेड (पानांवर मुळातच रंगीत पट्टे असलेली) जात आहे की खताची कमतरता?

गच्चीबाग_जुळे_सोलापूर : आमच्या कुंडीतील अरेका पामच्या झावळ्या पिवळ्या दिसू लागल्या आहेत. रोपवाटिकेत ही व्हेरिगेटेड जात असल्याचे सांगितले, तर शेजारच्या काकांच्या मते खत कमी पडले आहे. रविवारी कुंडी बदलून पिवळ्या झावळ्या छाटायच्या आहेत, त्यामुळे कृपया त्याआधी नक्की उत्तर द्यावे.

हिरवाकोंब : पिवळेपणा जुन्या झावळ्यांवर आहे की नुकत्याच उमललेल्या? त्याची कड रेखीव आहे की तो हिरव्यात विरत जातो? आपण नळाचे पाणी देता की बोअरचे? पिवळसर देठ मात्र अरेकाला मुळातच असतात, त्यांची काळजी नको.

मातीमाय : एप्सम मीठ (मॅग्नेशियम सल्फेट) द्या. माझ्या पामला त्यानेच गुण आला.

पर्णिका : सरसकट असे सुचवू नये. मॅग्नेशियम कमी पडले, तर जुन्या झावळीच्या कडेने रुंद पिवळा पट्टा येतो आणि मधला भाग हिरवाच राहतो. मूळ कमतरता पालाशची (पोटॅशियमची) असताना नुसते मॅग्नेशियम दिल्यास ती आणखी वाढते.

मातीमाय : आपल्याकडच्या चुनखडीच्या काळ्या मातीत लोहच कमी पडते. मग फेरस सल्फेट द्यावे.

पर्णिका : लोहाची किंवा मँगेनीजची कमतरता आधी नव्या पानांवर दिसते. मातीमाय, आपण अजून झावळी कोणती, हेही विचारलेले नाही.

नारळबाग : नारळाच्या झावळ्यांवर त्रिकोणी काप दिसत असतील, तर गेंड्या भुंगा शोधावा.

गच्चीबाग_जुळे_सोलापूर : झाड नारळाचे नाही. पिवळ्या-नारिंगी ठिपक्यांच्या झावळ्या सर्वांत खालच्या आहेत, त्यांची टोके करपली आहेत आणि नवा कोंब पूर्ण हिरवा आहे. पाणी बोअरचे आहे.

हिरवाकोंब : मग हे व्हेरिगेशन नाही. त्यात पान उमलतानाच शिरांना समांतर, रेखीव कडांचे पांढरे किंवा पिवळे पट्टे असतात, ते बहुधा खोडाच्या त्याच बाजूच्या पुढच्या पानांतही येतात आणि पान जुने झाले म्हणून पसरत नाहीत. आपली लक्षणे पालाशच्या कमतरतेची आहेत. झावळ्या कृपया छाटू नका, कारण झाड त्यांतला पालाश नव्या पानांकडे नेत असते आणि त्या काढल्या की कमतरता वरच्या झावळ्यांवर सरकते. हळूहळू विरघळणारे, पालाश आणि मॅग्नेशियम दोन्ही असलेले खत द्यावे. ठिपके पडलेली पाने पुन्हा हिरवी होणार नाहीत, म्हणून सुधारणा नव्या पानांवरच पाहावी.

गच्चीबाग_जुळे_सोलापूर : छाटणी रद्द केली आहे. असे खत सोलापुरात किलो-दोन किलोच्या पिशवीत कोठे मिळेल? दुकानदार पूर्ण गोणीच घ्यायला सांगतात.