गोष्ट परक्या देशाची, भाषा कोणाची? तुमचे अनुभव लिहा

संत्राबाग
काल आईसोबत 'शोगुन' ही जुन्या जपानवरची मालिका (२०२४ ची) पाहायला बसले. बहुतेक बोलणं जपानी, खालच्या ओळी मी वाचून दाखवत होते. वाटलं, कंटाळून उठेल. उठली नाही. मध्येच म्हणाली, "कामठीच्या त्या बायका अश्शाच वाकल्या होत्या गं."
१९९९, नागपूरजवळ कामठीत ड्रॅगन पॅलेस बुद्धविहार नवीन झालं होतं, मी सातवीत. जपानहून आलेल्या दोघींना आईने पाणी दिलं. दोन्ही हातांनी पेला घेतला, वाकल्या, काहीतरी बोलल्या. शब्द कळला नाही, पण आवाज अजून कानात आहे.
पुढे २००५ चा गेशांवरचा (जपानी कलावंतिणींवरचा) हॉलिवूडचा सिनेमा पाहिला. मुख्य नटी चिनी, संवाद इंग्रजी. किमोनो सुंदर होते, पण तो आवाज कुठेच नव्हता. तुमचंही असं काही असेल तर लिहा.

गोकुळपेठ_७२
१९८० ची जुनी 'शोगुन' पाहा. त्यात जपानी बोलण्याला बहुतेक ठिकाणी भाषांतरच नाही. जपानात येऊन पडलेल्या त्या इंग्रज खलाशाला जेवढं कळतं तेवढंच आपल्याला. नवीनमध्ये इंग्रजी संवाद जपानीत नेऊन जुन्या वळणाचे करून घेतले. एवढी मेहनत! टीव्हीचे १८ एमी पुरस्कार मिळाले ते उगाच नाही.

भिलाईवाली
मला रशियातल्या, म्हणजे तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या, अणुअपघातावरची 'चेर्नोबिल' मालिका (२०१९) आठवली. सगळे इंग्रजीत बोलतात, रशियन हेल मुद्दाम टाळलाय. काहींना खटकलं, मला पटलं. बाबा भिलाईच्या कारखान्यात, शेजारी रशियन इंजिनियरचं कुटुंब. काकू आमच्याशी तोडकंमोडकं हिंदी बोलायच्या, पण घरात नवऱ्याशी भांडताना काय धबधबा! आपल्या माणसांत कोणी अडखळत बोलतं का? मग सिनेमातले रशियन आपसात तोडकी इंग्रजी काहून बोलतात?
(कुकर झाला, आले)

महालचा_मुलगा
ताई, लाख बोललात. परदेशाचं सोडा, मुंबईच्या मालिकेत नागपूरचा माणूस आला की वाक्यागणिक 'बे'. सासऱ्यासमोर 'बे' कोण म्हणते? मित्रात म्हणते. आजी 'जाऊन राहिली', 'मले' म्हणायची, कधीच 'बे' नाही. आपल्याच राज्यात हे होते, तर जपानी लोकांना काय वाटत असेल?

नर्मदाकाठ
हाव ना. आणि ते तर्री पोहे पण मालिकेत नुसते पिवळे पोहे असतात. तर्री कुठाय??

धम्मदीप_इंदोरा
बौद्ध भिक्खू भन्ते सुरई ससाई जन्माने जपानी, कित्येक वर्षं नागपुरात. दीक्षाभूमीवर त्यांचं हिंदी ऐकलंय. वळण जपानी, पण बोलणं थेट आतून येतं. लहानपणी मला वाटायचं सगळे भन्ते असेच बोलतात. पडद्यावर 'परदेशी माणसाचं हिंदी' ऐकलं की हसवण्यासाठी केलेलं लगेच कळतं, आणि वाईट वाटतं.

गोकुळपेठ_७२
इंदोऱ्यावरून कामठीला 'आपली बस' (नागपूरची शहर बस) चालू आहे का? आईला ड्रॅगन पॅलेस दाखवायचंय, रिक्षावाले फार मागतात.

धम्मदीप_इंदोरा
मेट्रोने ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत या दादा, पुढे ऑटो मिळतात. सकाळी जा, शांत असतं.

संत्राबाग
सगळं आईला वाचून दाखवलं. भिलाईवाली ताई, ती विचारते, त्या काकूंचं पुढे काही कळलं का?

भिलाईवाली
दोन पत्रं आली होती, रशियनमध्ये. बाबांनी कारखान्यातल्या दुभाष्याकडून वाचून घेतली. खाली एकच ओळ देवनागरीत होती, वाकडीतिकडी: 'लोणचं संपलं.'
आईने पाठवलं होतं.