मुकादमाच्या खिशातला खर्रा: आधी माणूस सुधारावा की नियम?

रुईवाला (हिंगणघाट तालुका)
नऊ वर्षांपासून कापसाच्या जिनिंगमध्ये आहे, त्यातली चार मुकादम म्हणून. हाताखाली चाळीसेक माणसं, निम्म्याहून जास्त बाया. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या लागल्या की मान वर करायला सवड नसते.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कापसात खर्ऱ्याची (सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाची) प्लास्टिकची पन्नी, केस किंवा सुतळी गेली की रेच्यात, म्हणजे सरकी काढून रुई वेगळी करणाऱ्या यंत्रात, तिचे तुकडे होतात आणि रुईत मिसळतात. 170 किलोची गाठ बांधल्यावर आत काय आहे ते दिसत नाही. पुढे सूतगिरणीत धागा तुटतो, कापडावर रंग नीट चढत नाही, तेव्हा कळतं. म्हणून ढिगाजवळ बसून बाया कचरा वेचतात.

गेल्या हंगामात रुईत पन्नी निघाली आणि मी एका मावशींना सगळ्यांसमोर नको ते बोललो. त्या काही बोलल्या नाहीत, माझ्या शर्टाच्या खिशाकडे फक्त पाहिलं. खिशातून खर्ऱ्याची पन्नी अर्धी बाहेर आली होती.

त्या रात्री जेवण गेलं नाही. सकाळी काम सुरू व्हायच्या आधी, जिथे बोललो होतो तिथेच उभं राहून त्यांची माफी मागितली. खर्रा सुटायला सव्वा महिना लागला. मधे दोनदा खाल्ला, तेही लपवलं नाही. कुणालाच ‘तुम्ही सोडा’ म्हटलं नाही, तरी संक्रांतीपर्यंत ढिगातल्या पन्न्या बऱ्याच कमी झाल्या. गाडगेबाबा गावात आले की आधी झाडू हातात घ्यायचे, कीर्तन रात्री. माझं मत हेच आहे: हाताखाली माणसं असणाऱ्याने आधी स्वतःचं वळण बदलावं, नियमाची पाटी नंतर लावावी. पटत नसेल तर बोला.

दालमिल (अकोला जिल्हा)
दादा, चारचौघांत माफी मागितली, त्याचा मान आहे. निष्कर्ष मात्र पटत नाही. आमच्याकडे एक मुकादम होता, देवमाणूस. त्याच्या वेळी सगळं शिस्तीत चालायचं. तो गावी परतला आणि पंधरा दिवसांत पहिले पाढे पंचावन्न. मग मालकाने गेटवर नावाचे डबे लावले. खर्रा, बिडी, मोबाइल डब्यात ठेवायचा, सुटी झाली की घ्यायचा. मुकादमाचाही डबा आहे. आता मुकादम कसाही आला तरी काम अडत नाही. तुमच्या खिशातून पन्नी गेटच्या आत आलीच कशी, हा खरा प्रश्न आहे.

रुईवाला
राज्यात 2012 पासून गुटखाबंदी आहे. तुमच्या गावच्या पानठेल्यावर पुड्या मिळायच्या थांबल्या का?

दालमिल
नाही. कारण तिथे डबा नाही आणि डब्याजवळ माणूसही नाही. नुसता लिहिलेला नियम मी मागतच नाही.

वेचणारीची लेक (यवतमाळ जिल्हा)
तुमी दोघंबी खर्ऱ्यालेच धरून बसले. माही माय अकरा हंगाम जिनिंगवर होती. तिचा मुकादम सुपारीच्या खांडालेबी शिवत नव्हता, रोज टिळा लावून यायचा. पण शिट्टी झाल्यावर ‘थोडंसंच रायलं व बाई, आवरून जा’ म्हणे. अन् तो पाऊण तास हजेरीत कधी चढला नाई. 1948 च्या कारखाना कायद्यात जादा वेळेले दुप्पट मजुरी लिवली होती. माह्या मायले ते माहीत नव्हतं. वही लिवणाऱ्याले माहीत असाले पाह्यजे होतं.

खर्रा सुटला, तुमचंच भलं झालं भाऊ. मले वाटते, मुकादमाचं वळण तिथं पाहाव जिथं त्याले मालकाचा राग अंगावर घ्याव लागते. त्या मावशीचा शिट्टीनंतरचा वेळ तुमच्या वहीत लागते का, ते सांगा.

बांबूवाला (धानोरा तालुका)
आमच्या तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. तिथे ग्रामसभा सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बसते. एकच माणूस चांगला निघेल म्हणून गाव त्याच्या भरवशावर राहत नाही. इथे प्रत्येक जण मुकादमावरच बोलतो आहे. बायांना बसवून विचारलं का कुणी?

दालमिल
हंगामात गाड्या रस्त्यापर्यंत उभ्या असतात. चाळीस जणांचं एकमत होईपर्यंत रेचे बंद ठेवायचे का?

रुईवाला
ताई, नाही लागत. दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण वही काढून पाहत होतो. शिट्टीनंतरचा वेळ लिहू नको असं मला कुणीही सांगितलेलं नव्हतं. आधीच्या मुकादमाच्या वहीत तो रकाना नव्हता, म्हणून मीही पाडला नाही. मावशींना बोललो ते सगळ्यांना दिसलं. हे चार वर्षं कुणालाच दिसलं नाही, मलाही नाही.

सोमवारपासून तो रकाना सुरू करतो, समोर ज्याची त्याची सही किंवा अंगठा. शनिवारी मजुरीच्या चुकाऱ्याच्या आधी मालकाला सांगेन. चिडतील, ते ऐकून घेईन. दालमिलवाले दादा, मी गेल्यावरही रकाना राहावा यासाठी काय करू? तिथे तुमचं बरोबर आहे.

दालमिल
पानांवर आकडे छापलेली वही घ्या, म्हणजे पान फाडता येणार नाही. आणि दर शनिवारी त्या पानाचा फोटो बायांपैकी कुणाच्या तरी मोबाइलवर टाका.

वेचणारीची लेक
भाऊ, मायले सगळं वाचून दाखवलं. ती म्हणते, सोमवारपासून लागन ते बेस झालं, पण मागच्या चार हंगामाचं काय?