हाताने भेटकार्डं करायची आहेत: स्टॅम्प, मार्कर आणि कागद कोणते घ्यावेत?

रेघोट्या

नमस्कार मंडळी. पंचवीस-तीस आभारकार्डं हाताने करायचं मनावर घेतलंय. चित्रकला यथातथाच, त्यामुळे सगळी भिस्त स्टॅम्पवर. जवळ काय आहे ते सांगते: फुलापानांच्या पारदर्शक स्टॅम्पचा एक संच, एक काळं स्टॅम्पपॅड, पाण्याच्या शाईच्या मार्करचा डबा आणि वर्षानुवर्षं जपून ठेवलेल्या नक्षीदार कागदांनी भरलेला एक खण.

अडचण अशी की फुलाची बाह्यरेषा काळ्या शाईने छान उमटते, पण रंग भरायला घेतला की काळं मार्करच्या टोकाला लागून पिवळ्या पाकळीभर पसरतं. त्याच जागी दुसरा हात फिरवला की कागदाच्या बारीक गोळ्या निघतात. आता मार्कर बदलू, शाई बदलू की कागद? सगळे म्हणतात अल्कोहोल मार्कर घे. घेऊ का? कटिंग मशीन वगैरे नकोय, हाताने जेवढं होईल तेवढंच करायचंय.

निळी शाई

तिन्ही वस्तू आपापल्या जागी ठीक असतील, त्यांचं आपसात जमत नाहीये. शाई, मार्कर आणि कागद हे त्रिकूट एकदमच ठरवायचं असतं. एकेक सुटं घेतलं की हेच होतं.

तुमचं पॅड बहुधा साध्या डाय शाईचं आहे. ही शाई कागदात मुरते, लवकर वाळते, पण पाणी लागलं की पुन्हा सुटते. त्यावर पाण्याचा मार्कर फिरवला की ती पसरणारच. पाण्याचेच मार्कर वापरायचे असतील तर वाळल्यावर पाण्याला दाद न देणारी पिगमेंट शाई घ्या, उदाहरणार्थ व्हर्साफाइन. बारीक रेषा फार सुरेख येतात. ती कागदात मुरत नाही, वर बसते, म्हणून वाळायला वेळ घेते. घाईने हात लावू नका.

अल्कोहोल मार्कर घ्यायचे झाले तर गणित नेमकं उलटं. तिथे पाण्याने सुटणारी डाय शाई चालते, मात्र अल्कोहोलला टिकणारी हवी. मेमेंटोचं काळं पॅड बरेच जण त्यासाठीच घेतात. व्हर्साफाइनवर अल्कोहोल मार्कर फिरवलात तर काळं पसरेल. आणि 'परमनंट' लिहिलंय म्हणून स्टेझऑन उचलू नका. ती काच, प्लास्टिक, धातू यांच्यासाठीची सॉल्व्हंट शाई आहे. पाण्याला अजिबात बधत नाही, पण अल्कोहोल मार्करने विरघळते. डबीवरचं 'वॉटरप्रूफ' हे अल्कोहोलबद्दल काहीच सांगत नाही, बहुतेकांची फसगत तिथेच होते.

आळशी कासव

मी तर म्हणेन मार्करच नकोत. कुठल्याही काळ्या शाईत उमटवा, पूर्ण वाळू द्या आणि रंगीत पेन्सिलीने रंगवा. ना शाई फुटत, ना कागद उखडत, ना मागे डाग. पंचवीस कार्डांसाठी मार्करचा संसार कशाला मांडायचा?

निळी शाई

पेन्सिलीचं म्हणणं मान्य, नवशिक्याला ती सगळ्यात सुरक्षित. फक्त मोठ्या पाकळीत सपाट, गडद रंग हवा असेल तर पंचविसाव्या कार्डापर्यंत मनगट बोलू लागतं. पेन्सिलीला किंचित खरखरीत कागद लागतो हेही ध्यानात ठेवा, गुळगुळीत कार्डावर ती घसरते.

घडीवाला

मूळ प्रश्नातल्या 'गोळ्या निघतात' याचं उत्तर कागदात आहे. प्रिंटरचा ८० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा) कागद किंवा साधं कार्डशीट ओलं झालं की त्याचे तंतू सुटतात. पाण्याच्या मार्करला जलरंगाचा कागद द्या, ३०० जीएसएमचा. त्यात हॉट प्रेस म्हणजे गुळगुळीत पोताचा घ्या, कारण कोल्ड प्रेसच्या खडबडीत पोतावर स्टॅम्पची रेघ तुटक येते. मार्कर थेट कागदावर घासण्यापेक्षा प्लास्टिकच्या तुकड्यावर रंग काढून ओल्या ब्रशने उचला, जवळपास जलरंगासारखं काम होतं.

अल्कोहोल मार्करला मात्र हा कागद देऊ नका, शाई नुसती पितो. त्याला गुळगुळीत, घट्ट विणीचं पांढरं कार्ड हवं, साधारण २५० जीएसएमचं. तरीही रंग मागे उमटतोच, तो त्या मार्करचा धर्मच आहे. म्हणून सरळ कार्डावर रंगवायचंच नाही. चित्र वेगळ्या तुकड्यावर रंगवा, कापा आणि कार्डावर चिकटवा. एखादं बिघडलं तर तुकडा जातो, कार्ड वाचतं.

मापं सांगून ठेवतो. ए-४ कार्डशीट मधोमध कापलं की १४८ × २१० मिमीचे दोन तुकडे होतात. प्रत्येकाची घडी घातली की १०५ × १४८ चं कार्ड, म्हणजे ए-६. त्याला सी-६ पाकीट (११४ × १६२) बरोबर बसतं. कार्डासाठी २५० ते ३०० जीएसएम पुरे. नक्षीदार कागद ९५ × १३८ चा कापलात तर चारी बाजूंना ५ मिमी पांढरी कड राहते.

आता माझा जिव्हाळ्याचा विषय. जाड कागद नुसता हाताने दुमडला की घडीवर पांढऱ्या भेगा पडतात. आधी पट्टी धरून संपलेल्या बॉलपेनने रेघ दाबून घ्या. उलट बाजूला जो उंचवटा उठतो तो घडीच्या आतल्या बाजूला यायला हवा. बरेच जण खाचेच्या दिशेने दुमडतात, ते उलटं. शिवाय कागदाला वीण असते, म्हणजे त्यातले तंतू बहुतांशी एकाच दिशेने असतात. शीट दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून बघा, ज्या दिशेने ते सहज वाकतं ती घडीची दिशा. आडव्या विणीवर घडी घातली तर कितीही रेघा दाबा, कड फाटकीच दिसणार.

रेघोट्या

कमाल आहे, घडीत एवढं काही असेल असं वाटलंच नव्हतं! दोन उपप्रश्न. पहिला: माझं पॅड नक्की कुठल्या शाईचं हे कसं ओळखू? त्यावर नुसतं 'ब्लॅक' लिहिलंय. दुसरा: माझे पारदर्शक स्टॅम्प नवे असताना शाई नीट धरत नाहीत, थेंब थेंब जमतात आणि ठसा पुरळ उठल्यासारखा येतो.

निळी शाई

तुमच्याच कार्डाच्या एका कपट्यावर चार-पाच ठसे उमटवा, पूर्ण वाळू द्या. एकावर ओलं बोट फिरवा, एकावर पाण्याचा मार्कर, एकावर अल्कोहोल मार्कर (कुणाकडून तरी एक उसना आणा). कुठे पसरतं ते दिसेलच. मी नवं पॅड आणलं की हीच चाचणी करते आणि तो कपटा पॅडच्या डबीतच ठेवून देते.

ठसेबाज

पुरळाचा प्रश्न मी घेतो. नव्या पारदर्शक स्टॅम्पवर कारखान्यातला चिकट थर असतो. त्यावरून पांढरं खोडरबर हलक्या हाताने फिरवा, चकाकी गेली की शाई धरेल. दुसरं, पॅडवर स्टॅम्प आपटू नका. स्टॅम्प उताणा ठेवून पॅड त्यावर हलकेच टेकवत जा. तिसरं, पारदर्शक स्टॅम्प पातळ असतात आणि त्यांच्या पाठीला फोम नसतो, म्हणून कागदाखाली जुनं मासिक किंवा माउसपॅड ठेवा. लाकडी ठोकळ्यावरच्या लाल रबराला बहुधा स्वतःची गादी असते, त्याला हे लागत नाही. दाब सरळ वरून द्या. ठोकळा (स्टॅम्प ज्यावर बसवून धरता तो) मागेपुढे डोलवलात की कडांचे डाग उमटतात.

धुवायला ओलं फडकं पुरे. डाग राहिला तर राहू द्या, त्याने ठसा बिघडत नाही. पण पारदर्शक स्टॅम्प उन्हात ठेवू नका, पिवळे पडतात.

कात्रण

नक्षीदार कागदांच्या खणाबद्दल कुणीच बोलेना, म्हणून आले. 😄

सगळा नक्षीकागद एकाच कार्डावर ओतायचा मोह आवरा. माझा नियम: एका कार्डावर एकच बोलका कागद, बाकीचे मुके. आणि नक्षीवर स्टॅम्प उमटवायचा नाही, दोघंही दिसेनासे होतात.

नक्षीचा आकारही बघा. मोठ्या १२ × १२ इंची कागदावरचं तळहाताएवढं फूल ए-६ कार्डासाठी कापलं की नुसती अर्धी पाकळी उरते. ६ × ६ इंची पॅडमध्ये नक्षी बारीक असते, ती कार्डाला शोभते. मोठ्या नक्षीच्या कागदातली फुलं सरळ कातरून स्वतंत्र वापरा, तिथे स्टॅम्पची गरजच नाही.

खणात हातकागद निघाला तर वेगळी वागणूक द्या. जपानी वाशी कागद बहुधा कोझो झाडाच्या सालीचा असतो, तंतू लांब. कात्रीने कापण्याऐवजी ओल्या ब्रशने रेघ ओढून हळूच फाडा, काठाला सुंदर लव सुटते. मार्बलिंगचा कागद मला सगळ्यात लाडका. दाट केलेल्या पाण्यावर रंग तरंगवून त्यावर कागद टेकवतात, त्यामुळे हुबेहूब तसाच दुसरा निघत नाही. तो वापरताना बाकी सगळं पांढरं ठेवा. नुसती दोन बोटं रुंद पट्टी पुरते.

अर्धपारदर्शक वेलम असेल तर एक सावधगिरी: गोंद आरपार दिसतो. तो चित्राखाली दडेल अशा जागीच लावा.

आळशी कासव

आणि जपून ठेवलेले कागद वापरा एकदाचे! ते जपण्यातच निम्मा जन्म जातो.

रेघोट्या

कासवराव, वर्मावर बोट ठेवलंत. 🙈

आता मजकुराचं. तयार स्टॅम्प बहुतेक इंग्रजी मजकुराचे दिसतात. मला 'मनःपूर्वक आभार' हवंय. आणि मी उमटवलेलं वाक्य दर वेळी तिरकं जातं.

ठसेबाज

तीन वाटा आहेत. कार्यालयीन शिक्के बनवणारे असतात, त्यांना संगणकावर जुळवलेला मजकूर दिला की रबरी शिक्का करून देतात. अक्षर जरा जाड निवडा, नाहीतर मात्रा-वेलांट्यांमध्ये शाई भरून त्या बुजतात.

दुसरी वाट खोडरबर कोरण्याची. पेन्सिलीने पातळ कागदावर गडद लिहा, तो कागद खोडरबरावर पालथा घालून नखाने घासा. अक्षर आपोआप उलटं उतरतं, म्हणून छापताना सुलटं येतं. अक्षराभोवतीचं रबर कोरून काढायचं. पातं बाहेरच्या बाजूला तिरकं धरा म्हणजे अक्षराची मुळं रुंद राहतील, आत वळवलंत तर पहिल्याच ठशाला काना तुटेल. जोडाक्षरं आणि विसर्ग कोरताना देव आठवतो, तेव्हा पहिल्यांदा नुसतं 'आभार' घ्या.

तिसरी वाट हाताने लिहिण्याची. ब्रशपेन असेल तर तीच सर्वांत देखणी.

तिरकेपणावर उपाय: देवनागरीत शिरोरेषा असल्यामुळे केसभर तिरपं गेलं तरी लगेच डोळ्यात भरतं. पण तीच मदतीलाही येते. चौकटीच्या रेघा असलेला पारदर्शक ठोकळा घ्या, शिरोरेषा त्यातल्या एका रेघेवर बसवा आणि ती रेघ कागदाच्या कडेला समांतर धरा. त्याहून सोपं म्हणजे मजकूर लांब पट्टीवर उमटवा, मग शिरोरेषेला समांतर पट्टी कापा आणि कार्डावर चिकटवा. ठसा तिरका आला तरी कापताना सरळ करता येतो.

रेघोट्या

पट्टीची युक्ती झकास! म्हणजे आता पिगमेंट शाईचं काळं पॅड आणि जलरंगाचा कागद आणते, मार्कर आहेत तेच. अल्कोहोलचे नंतर बघू. पण उत्सुकता म्हणून विचारते, कधी घेतलेच तर किती घ्यावेत? ते कॉपिक कंपनीच्या अल्कोहोल मार्करवरचे आकडे बघून चक्कर येते.

निळी शाई

निवड योग्य आहे. कॉपिकमध्ये ३५८ रंग आहेत, सगळ्यांकडे बघू नका. आकडे मात्र कामाचे आहेत. अक्षर म्हणजे रंगाचं कुळ, पहिला आकडा रंग किती मळका ते सांगतो, शेवटचा किती गडद ते. म्हणून ई३१, ई३३, ई३५ हे तिघं ओळीने घेतले की एकमेकांत बेमालूम मिसळतात. प्रत्येक कुळातले असे तीन, अशी तीन-चार कुळं, एवढ्यावर वर्षभर कार्डं होतील. कॉपिकची शाई पुन्हा भरता येते आणि टोकंही बदलता येतात. स्वस्त संचात बहुधा ती सोय नसते, पण सुरुवातीला तेही चालतात. दोन्हीकडे टोकं असलेले मार्कर आडवे ठेवा, नाहीतर वरचं टोक कोरडं पडतं.

कात्रण

एक राहिलं, चिकटवायचं काय? पातळ नक्षीकागदाला पांढरा पातळ गोंद लावलात तर तो फुगून सुरकुततो, तिथे डबल साइड टेप. जाड तुकड्याला गोंदच बरा, चिकटेपर्यंत सरकवून जागा नीट करता येते. फोम टेप चित्राखाली लावली की ते उठून दिसतं, पण पाकीट फुगतं. टपालाने पाठवायची असतील तर एकाच थराखाली लावा आणि एक कार्ड पाकिटात घालून आधी वजन करून बघा.

घडीवाला

आणि गोंद लावलेली कार्डं रात्रभर जाड पुस्तकांखाली, मध्ये कोरे कागद घालून. नाहीतर सकाळी सगळी होडीसारखी वाकलेली सापडतात. चित्र चिकटवण्याआधीच आतल्या पानावर पेनाने लिहूनही घ्या. वर चित्र चिकटवल्यावर आत लिहायला बसलं की हात डगमगतो.