कार्बन-इपॉक्सी प्लेटमधला रेसिड्युअल स्ट्रेस (आत अडकून राहिलेला ताण): होल ड्रिलिंगचे आकडे पटत नाहीत, मदत हवी आहे

निशिगंध:
रोझेट (स्ट्रेन, म्हणजे ताणाने होणारा आकारबदल, मोजणारं गेज) चिकटवलं, टप्प्याटप्प्याने ड्रिल केलं, स्ट्रेन सॉफ्टवेअरमध्ये भरले. ताणाचं चिन्ह (ओढ की दाब) सारखं उलटसुलट होतंय, तिन्ही प्लेट्सवर. शुक्रवारी रिपोर्ट द्यायचाय. कुठे चुकतंय?

वाटसरू:
लेअप (थरांची मांडणी)? जाडी? क्युअरचं (रेझिन घट्ट करण्याचं) तापमान? टप्पा केवढा? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

गारगोटी:
ड्रिलिंग सोडा, एक्स-रे डिफ्रॅक्शन करा. स्टीलच्या वेल्डवर आम्ही कायम तेच करतो.

वाटसरू:
गारगोटी, स्टील स्फटिकी असतं, इपॉक्सी रेझिन नसतं. डिफ्रॅक्शनचं पीक (सिग्नलचं टोक) कुठून मिळणार? रेझिनमध्ये आधीच धातूची पूड घातली असती तर गोष्ट वेगळी.

निशिगंध:
तंतू शून्य-नव्वद अंशांत आलटूनपालटून, सिमेट्रिक (मधल्या पातळीच्या दोन्ही बाजूंना थर सारखे), १६ थर, एकूण २ मिमी. १८० अंश. टप्पा ०.१ मिमी. सगळं एएसटीएम ई ८३७ (होल ड्रिलिंगचं मानक) प्रमाणे.

अनामिका:
असिमेट्रिक पट्टी करा! थंड झाली की वाकते. ओव्हनमध्ये तापवत न्या, ज्या तापमानाला सरळ होईल तिथे ताण जवळपास शून्य. त्यावरून लॅमिनेट थिअरीने (थरांच्या प्लेटचं गणित) हिशोब करा. मी दरवेळी हेच करते.

निशिगंध:
ताई, प्लेट्स तयार आहेत, ताण त्यांच्यातलाच मोजायचाय.

कोराकागद:
एल आकाराच्या भागांचा कोन क्युअरनंतर मिटतो, साचा थोडा उघडा ठेवत जा.

वाटसरू:
साच्याचं कोणी विचारलं नाहीये. निशिगंध, चिन्ह बदलायलाच हवं! थंड होताना रेझिन आक्रसतं, कार्बन तंतू लांबीत जवळजवळ नाही. म्हणून प्रत्येक थरात तंतूंच्या दिशेने दाब आणि आडव्या दिशेने ओढ. शून्य-नव्वदमध्ये एकाच दिशेने पाहिलं तर थरागणिक उलटणारच. तुमचा थर ०.१२५ चा आणि टप्पा ०.१ चा, म्हणजे बऱ्याच टप्प्यांत एकदम दोन थर कापले जाताहेत. शिवाय ई ८३७ चे कोइफिशंट (स्ट्रेनवरून ताण काढायचे गुणांक) आयसोट्रॉपिक, म्हणजे सगळ्या दिशांना सारख्या, मटेरियलचे. तुमच्या लेअपसाठी एफईएमने (संगणकावर प्लेटचे छोटे तुकडे करून केलेला हिशोब) वेगळे काढावे लागतील.

गारगोटी:
टप्प्यानंतर किती थांबता? कंपोझिटमधून उष्णता लवकर जात नाही.

निशिगंध:
लगेच रीडिंग घेत होते. आत्ता तिसऱ्या प्लेटवर थांबून पाहिलं: १८ मायक्रोस्ट्रेन (लांबीच्या दहा लाखांत १८ भाग बदल) दिसत होते, सरकत सरकत ११ वर येऊन स्थिरावले. म्हणजे जुनी रीडिंग बाद. आणखी एक प्लेट कोरी आहे, तिच्यावर ०.०६२५ चे टप्पे घेते. शून्य-नव्वदचं एफईएम मॉडेल कोणाकडे तयार आहे का?

वाटसरू:
आहे. ई-१, ई-२ (तंतूंच्या आणि आडव्या दिशेचा कडकपणा), जी-१२ (शिअरचा कडकपणा) आणि पॉइसन रेशो पाठवा. भोकाचा व्यासही, तो अजून सांगितलेला नाही.